शलमोनाची मागणी

ख्रिस्ती धर्म धनाला पाप मानतो, असा एक समज आपल्याकडे आढळतो. तो बरोबर नाही. बायबलात धन हे अनेकदा ईश्वराचे देणेच मानले आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी काय मागावे, आणि लगाम कोणाच्या हाती असावा?

यासाठी आम्ही शलमोन राजाचे उदाहरण घेतो. ‘पहिले राजे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात ते आले आहे. गिबोन येथे यज्ञास गेलेल्या या तरुण राजास देवाने स्वप्नात हवे ते मागावयास सांगितले. त्याने दीर्घायुष्य, धन किंवा शत्रूंचा नाश यांपैकी काहीच मागितले नाही. प्रजेचा न्याय करताना बरेवाईट ओळखणारे मन मागितले. तेव्हा न मागितलेले धनही त्यास मिळाले.

या शहाणपणास हिब्रू भाषेत ‘होखमा’ असा शब्द आहे. निवासमंडप घडविणाऱ्या बसालेल या कारागिराच्या कसबालाही तोच शब्द लावलेला आहे. तेव्हा हे ज्ञान केवळ पोथीतले नव्हे. सोनाराच्या हाताला सोने कळते, तसे जगणे कळणे, हा त्याचा अर्थ होय. ईयोबाच्या २८व्या अध्यायात खाणीचे वर्णन आहे. माणूस डोंगर पोखरून सोने-रुपे काढतो. पण शहाणपणाची खाण त्यास सापडत नाही. ते परमेश्वराच्या भयात, म्हणजे त्याच्याविषयीच्या आदरात आहे, असा तेथील निष्कर्ष आहे.

परंतु खरा धडा पुढेच आहे. राजाने घोडे, बायका व सोनेरुपे यांचा फार साठा करू नये, असा अनुवाद ग्रंथाच्या १७व्या अध्यायाचा दंडक होता. शलमोनाने नेमके तेच केले. वर्षाला ६६६ किक्कार सोने येऊ लागले, मिसरातून घोडे आले, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी झाल्या. त्याचे मन देवापासून वळले. त्याच्या मागे, जड जुवाखाली वाकलेली दहा कुळे फुटली व राज्य दुभंगले. शहाणपण एकदा मिळाले की पेटीत ठेवून कुलूप लावता येत नाही. ते रोज मागावे लागते.

म्हणूनच नीतिसूत्रांतील आगूर दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, पुरते तेवढे अन्न दे, अशी प्रार्थना करतो. आणि याकोबाचे पत्र एक रोकडी कसोटी पुढे ठेवते. ज्या श्रीमंताने शेतमजुराची मजुरी अडकवली, त्याच्याविरुद्ध ती मजुरीच ओरडत असते!

आपल्याच महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. असे धाडस प्रत्येकाच्याने होणार नाही, आणि धर्म ते प्रत्येकाकडून मागतही नाही. पण महिन्याचा हिशेब मांडताना ‘किती उरले?’ याच्या आधी ‘कोणाचे देणे राहिले?’ असे विचारणे आपणा प्रत्येकाला शक्य आहे. शलमोनाने आरंभी मागितलेले शहाणपण ते हेच.