अडगावची लढाई : वर्धा ते टोरोंटो

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याचा उद्योग आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केला असेल. माझा तो उद्योग शाळेतून निवृत्त झाल्यावरही सुटला नाही, एवढाच काय तो फरक! शेजारीपाजारी थट्टा करतात. सेवाग्राम आणि पवनार इतके जवळ असताना वर्ध्याच्या या मास्तरांच्या ओसरीवर मात्र तोफा नि घोडदळ! थट्टा रास्त आहे. तिचे उत्तर पुढे येईलच.

माझा खेळ असा. एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर रणभूमीचा नकाशा काढायचा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी घरे आखायची आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांना फौजा मानून लढाई खेळायची. कोणी किती घरे चालावे याचे नियम असतात; चकमकीचा निकाल मात्र फासे देतात. माझी आवडती लढाई अडगावची. २९ नोव्हेंबर १८०३ या दिवशी, आज अकोला जिल्ह्यात असलेल्या या गावाजवळ नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ एका बाजूला, तर कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला. शेतांत उंच पिके उभी होती. पलीकडचे दिसत नव्हते. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी बिथरून मागे पळाल्या. वेलस्लीने त्यांना आवरून पुन्हा रांगेत उभे केले आणि शेवटी लढाई जिंकली.

हे खूळ माझे एकट्याचे नव्हे. आपले चतुरंग म्हणजे तरी काय? हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांची पटावरची लढाईच. युरोपात त्याचे पुढचे रूप १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने सिद्ध केले. त्याने चौकटींचा पट टाकून खराखुरा नकाशा घेतला, फासे आणले आणि मध्ये एक पंच बसवला. खेळाडूने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा आणि रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंचाने त्याला दाखवायचे. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स यांनी पुठ्ठ्याच्या चकत्यांचे असे खेळ दुकानांत विकायला आणले आणि ते घरोघर गेले.

आमच्या घरी खेळायला जोडीदार मिळाला तो नातू. चिरंजीव नोकरीनिमित्त टोरोंटोला असतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मंडळी आली तेव्हा हा बारा वर्षांचा मुलगा बाहेरच्या उन्हाला कंटाळून माझ्या पटाशी बसला, तो उठेचना. परत गेल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन आला, "आजोबा, आपली लढाई अर्धी राहिलीय!"

पूर्वी दूरगावचे बुद्धिबळपटू पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून महिनोन्‌महिने डाव चालवीत. मी तेच सुचवणार होतो. नातवाने मला संगणकावरच बसवले.

तेव्हा कळले की या कामाचे दोन मार्ग आहेत. एकात संगणकालाच सगळे नियम शिकवायचे. मग तो चुकीची चाल करूच देत नाही. त्याला कष्ट फार. दुसऱ्यात संगणक फक्त टेबल पुरवतो, खेळ आपणच खेळायचा. रॉडनी किन्नी यांनी १९९० च्या दशकात एका युद्धखेळासाठी रचलेली 'व्हॅसल' ही फुकट मिळणारी सोय या दुसऱ्या प्रकारची. २०१५ मध्ये निघालेले 'टेबलटॉप सिम्युलेटर' विकत घ्यावे लागते. त्यात तर चिडलेल्या खेळाडूला सबंध टेबल उलथून टाकण्याचीही मुभा आहे! आम्ही व्हॅसल घेतले. नकाशाचे छायाचित्र काढले, चकत्यांची दोन्ही तोंडे चितारली, आणि माझी समजूत झाली की काम संपले.

पण काम तेथेच सुरू झाले. ओसरीवर नियम माझ्या डोक्यात असत. अडले की मी सांगे आणि नातू ऐके. आता पडद्याआडून प्रश्न येऊ लागला, "आजोबा, हे कुठं लिहिलंय?" कुठेच लिहिलेले नव्हते! बिथरलेली पलटण किती घरे मागे जाते, सेनापती किती जवळ असला म्हणजे ती सावरते, चकतीवरचा हात सुटला की चाल झाली, तर इथे चाल केव्हा झाली म्हणायची? एकेक वाद मिटवता मिटवता अकरा पाने झाली. चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण स्वतःचे बोलणे इतके नेमके करण्याची वेळ कधी आली नव्हती.

एक गोष्ट मात्र पडद्यावर टेबलाहून सरस झाली. ओसरीवर पिकात दडवलेली फौज दोघांनाही दिसे, आणि न पाहिल्याचे सोंग आणावे लागे. पडद्यावर माझी दडलेली चकती मलाच दिसते. राइसविट्झला ज्यासाठी पंच बसवावा लागला, ते काम येथे आपोआप होते.

राहता राहिला इंटरनेटचा लहरीपणा. २०२० च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडचे उदाहरण ताजेच आहे. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळ चालतच राहिले आणि दोघे वेळेवर हरले. भारताने दाद मागितली आणि अखेर दोन्ही देशांना सुवर्णपदक विभागून मिळाले. आम्ही यातून धडा घेतला : प्रत्येक चाल वहीत लिहायची, वीज गेली तर पुढच्या रविवारी तेथूनच पुढे.

अशा एका रविवारी सकाळी, टोरोंटोला शनिवारची रात्र असताना, सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. पडद्यावर नातवाने माझ्या चार चकत्या टिपल्या आणि त्या पटापट नाहीशा झाल्या. तो खदखदून हसला.

"अहो, एका चकतीत किती माणसं?" त्यांनी विचारले.

"पाचशे."

"म्हणजे आत्ता दोन हजार माणसं गेली, आणि तुम्ही दोघं हसताय?"

मी निरुत्तर झालो. ओसरीवर असे होत नसे. तेथे पडलेली चकती हाताने उचलून डब्याच्या झाकणात ठेवावी लागे आणि डाव संपला की ती सारी मोठ्याने मोजायची, हा आमचा शिरस्ता. जिंकणाऱ्यानेही मोजायचे. पडद्यावर एका बोटाने चकती पुसली जाई. नकाशा आणला, फासे आणले, अकरा पाने नियम आणले आणि झाकण तेवढे वर्ध्यालाच राहिले! शेजाऱ्यांच्या थट्टेला माझे जे उत्तर होते, ते त्या झाकणातच होते.

नातवाला सांगितले. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल ताट काढले. आता पडलेली चकती पुसायची नाही, ओढून ताटात ठेवायची. बारावा नियम म्हणून तो वहीत लिहिला आहे.

गेल्या डावात भोसल्यांच्या बाजूने मी हरलो. नातवाने ताट मोजले : दोन्हीकडचे मिळून साडेसात हजार. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, खरं हरल्यावर काय झालं?"

मी सांगितले, की त्याच १८०३ च्या १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आपली नदी सरहद्द झाली.

"ज्या नदीवर तुम्ही मला नेलं होतं, तीच?"

"तीच."

"मग पुढच्या रविवारी भोसले मी घेतो," तो म्हणाला.