गोदी गेली, धक्का राहिला

नानकिंगच्या तहावर 1842 साली सह्या झाल्या त्या ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’वर, आणि हाँगकाँग बेट कायमचं ब्रिटिशांच्या पदरात पडलं. हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं. एवढ्या धाग्यावर मी हाँगकाँगच्या आरमारी जमिनीची कुंडली मांडायला घेतली.

तिथली अडचण नकाशावर बोट ठेवताच कळते. पश्चिमेला सेंट्रल, पूर्वेला वान चाय, आणि मधोमध समुद्राकडे आरमाराची गोदी, डोंगराकडे लष्कराच्या बराकी. दोन्हींच्या बेचक्यातून एकच रस्ता जायचा, ट्रामही त्यातूनच. शहर वाढलं तसा गळा आवळत गेला, पण गव्हर्नरचा हुकूम गोदीच्या फाटकापर्यंतच चाले. आतली मालकी थेट लंडनच्या आरमार खात्याची.

खर्च परवडेना तेव्हा 1957 मध्ये त्या खात्यानेच गोदी बंद करायचं जाहीर केलं. 1959 अखेर ती बंद झाली, हजारो चिनी कामगारांची रोजीरोटी गेली. मोकळ्या जागेतून हार्कोर्ट रोड निघाला. त्याला नावही एका आरमारी अधिकाऱ्याचंच. तरीही आरमाराने टॅमर नावाचा तळ आणि जहाजं लावायचं बंदिस्त पाणी आपल्याकडे ठेवलंच. ते हललं 1993 मध्ये, स्टोनकटर्स बेटावर.

अशा जागा सोडण्याच्या सौद्यांची किल्ली एकच: आधी पर्यायी बांधकाम, मग ताबा. हाँगकाँग चीनकडे जायच्या तयारीत 1994 च्या ब्रिटन-चीन कराराने 39 लष्करी जागांची वाटणी केली. 25 हाँगकाँग सरकारला, 14 येणाऱ्या चिनी सैन्याला. सोडलेल्या जागांच्या बदल्यात स्टोनकटर्सवर चिनी सैन्यासाठी आरमारी तळ बांधून द्यायचा तोही हाँगकाँग सरकारनेच. शिवाय सेंट्रलच्या किनाऱ्यावर दीडशे मीटरचा लष्करी धक्का राखून ठेवायचा.

ही शेवटची अट पुढे फार नडली. भराव पडला, टॅमरवर 2011 मध्ये सरकारी मुख्यालय आलं, किनाऱ्याने फिरायचा रस्ता झाला. त्याच रस्त्याला लागून धक्का आणि चार छोट्या इमारती. त्यांची घडीची दारं उलगडली की हा पट्टा बंद. 2013 मध्ये शहराच्या आराखड्यात या जागेपुढचं ‘खुली जागा’ पुसून ‘लष्करी वापर’ लिहायचं ठरलं, तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. 2020 मध्ये धक्क्याचा ताबा सैन्याला दिला गेलाच. एरवी लोकांना फिरू देऊ, असं आश्वासन होतं. पण ‘एरवी’ म्हणजे कधी, हे ठरवायचं सैन्याने. करारात धक्क्याची लांबी मीटरमध्ये लिहून घेणाऱ्यांनी लोकांच्या वाट्याचे तासही तसेच लिहून घ्यायला हवे होते.