अँबॅसडर आणि पद्मिनी

जुन्या मोटारींचा विषय निघाला कीं मंडळींत हटकून दोन पक्ष पडतात. एक अँबॅसडरचा, दुसरा पद्मिनीचा. पहिला म्हणतो, आमची गाडी दणकट. दुसरा म्हणतो, आमची चपळ. वाद तेथेंच फिरत राहतो, कारण आंकडे कोणीच मांडीत नाहीं. ते मांडून पाहूं.

दोघींचीं माहेरें परदेशांतलीं. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची तिसरी आवृत्ति १९५७ च्या सुमारास कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत बनूं लागली, तीच अँबॅसडर. इटलींत १९५३ सालीं निघालेली फियाट ११०० ही शेठ वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. तिला पद्मिनी हें नांव १९७४ मध्यें मिळालें. एक राजदूत, दुसरी कमलिनी! दोघींची अंगकाठी पाहतां हीं नांवें शोभलीं खरीं.

अँबॅसडरचें वर्षानुवर्षें चाललेलें इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ५० अश्व, गाडीचें वजन सुमारें ११०० किलो. पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ४० अश्व, वजन ९०० किलोंच्या आंतबाहेर. आतां त्रैराशिक मांडा. अँबॅसडरच्या एका अश्वास २२ किलो ओढावे लागतात, पद्मिनीच्या अश्वास साडेबावीस! चपळपणाची फुशारकी या हिशेबांत टिकत नाहीं.

तरीहि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा अनुभव खोटा नव्हे. पद्मिनी जवळजवळ हातभर आखूड आणि दोनशें किलोंनीं हलकी. गल्लीबोळांत वळवितांना, गर्दींत पुनःपुन्हा थांबवितांना हेंच कामास येतें. शहराच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत तिचें राज्य झालें तें यामुळें. कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सी मात्र अँबॅसडरच राहिल्या. मागें पोलादी पाट्यांच्या कमानी दोघींनाहि होत्या. परंतु अँबॅसडरच्या पुढच्या चाकांस टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन धक्का सोसणारी पोलादी दांडी होती. तिचीं चाकें १५ इंचांचीं, पद्मिनीचीं १४. शिवाय मोठें इंजिन कमी फेऱ्यांतहि ओढ देई. खड्ड्यांच्या वाटेवर भरल्या गाडीला याचा उपयोग फार.

आमची तक्रार निराळीच आहे. आयातीवर बंदी, कारखान्यांना परवाने मोजके. त्यामुळें गिऱ्हाइकानें पैसे भरून वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहावयाची आणि हातीं यावयाचें तें पन्नाशीच्या दशकांतलें यंत्र. दिव्यांची व पुढच्या जाळीची ठेवण बदले, इंजिन तेंच राही. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली. इंजिन अवघें ७९६ घनसेंटिमीटरचें, शक्ति चाळीस अश्वांच्या किंचित् आंत, वजन सुमारें ६५० किलो. तिच्या अश्वाच्या वांट्यास सतराच किलो! दोन्ही पक्षांनीं आपलें भांडण त्या दिवशींच मिटवावयास हवें होतें. त्यानंतरहि पद्मिनी २००० पर्यंत व अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत राहिली हें त्यांच्या दुरुस्तीच्या सोपेपणाचें श्रेय. गांवोगांवच्या मिस्त्र्यांस दोघींचीहि नाडी ठाऊक होती. मुंबईंतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उठली.

आमचा कौल विचाराल, तर चौघांच्या कुटुंबाला शहरांत पद्मिनी. पण सहा माणसें, टपावर वळकट्या आणि कोंकणांतला रस्ता असेल, तर अँबॅसडर. पेट्रोलाचा खर्च मात्र मनाशीं धरूनच निघावें.