घरची कार्यशाळा – भाग ७ : अडीच सुताचा बोल्ट

मागच्या भागात हत्यारं भिंतीवर कशी लावायची ते पाहिलं. आता त्याहून किचकट काम, सुटे भाग. धाराशिव जिल्ह्यात घरची कार्यशाळा म्हणजे बहुतेक वेळा गोठ्याला लागून उभं केलेलं पत्र्याचं शेड. तिथल्या तेलाच्या डब्यात नट-बोल्ट, वायसर, ठिबकचे जॉइनर, स्टार्टरचे जुने काँटॅक्ट, फवारणी पंपाचे नोझल आणि कुठल्या तरी पंख्याचा कंडेन्सर असा सगळा काला झालेला असतो. टाकायचं कुणाच्या जिवावर येत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी!’ लागतंही, पण नेमकं तेव्हा सापडत नाही. मग दोन रुपयांच्या वायसरसाठी कळंब नाहीतर उमरग्याची फेरी ठरलेली.

आवरायला बसलं की हात आपोआप दिसण्यावरून वाटे करतो. गोल ते इकडे, लांब ते तिकडे. माझ्या मते हे उलटं आहे. भाग कुठल्या यंत्राचा, ते आधी ठरवा. बोअरच्या मोटारीचा एक डबा, ठिबकचा एक, फवारणी पंपाचा एक, घरातल्या पंखा-मिक्सर-कूलरचा एक. शेतीची वीज अनेक गावांत पाळीने येते, रात्री-अपरात्रीही येते. अशा वेळी स्टार्टर उचलत नसेल तर माणूस बॅटरीच्या उजेडात मोटारीचा डबा हुडकतो. ‘काळं, चौकोनी काहीतरी’ हुडकत बसत नाही.

याला अपवाद दोनच : नट-बोल्ट आणि बेअरिंग. ते सगळ्यांचे सामाईक, म्हणून ते मापानेच लावायचे.

बोल्टची गंमत अशी की आपल्याकडे दोन मापं एकाच डब्यात नांदतात. जुनी अवजारं आणि जुनी डिझेल इंजिनं सुतात, नव्या मोटारसायकली मिलिमीटरमध्ये. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट भरतो ७.९४ मि.मी.; त्याच्या शेजारी आठ मि.मी.चा ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. आटे मात्र वेगळे. अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर साधारण १.४१ मि.मी.; आठच्या नेहमीच्या बोल्टला ते १.२५. त्यामुळे आठचा नट या बोल्टावर बोटाने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. गंज असेल म्हणून पाना लावून जोर केला की आटे मेलेच. ओळखायची रीत सोपी आहे. दोन बोल्ट आडवे धरून आट्यात आटे बसवा आणि उजेडाकडे करून बघा. मधून फट दिसली तर माप एक नाही. जुळणारा नट आणि वायसर बोल्टलाच चढवून ठेवा, पुढची शोधाशोध वाचते.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०४, ६२०५ यांतले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचं माप निघतं : २० आणि २५ मि.मी. त्याखाली हा हिशेब चालत नाही. ६२०३ चं भोक १७, ६२०२ चं १५, ६२०१ चं १२. नंबरापुढे ‘झेडझेड’ असेल तर झाकण पत्र्याचं, ‘टू-आरएस’ असेल तर रबराचं. नवं बेअरिंग बसवायच्या वेळेपर्यंत पुडीतून काढू नका. शेडमधली पिठासारखी धूळ त्याला पुरते.

रबर शेडमध्ये ठेवूच नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली वायसर, ओरिंग, ठिबकचे ग्रोमेट कडक होऊन तडकतात. ते घरातल्या अंधाऱ्या फडताळात बरे. लोखंडाला पावसाळ्याआधी तेलाचा हात द्यावा, पण त्या तेलात साधं रबर पडू देऊ नये, फुगतं. बरण्या पारदर्शक घ्या. कीटकनाशकाची रिकामी बाटली, झाकण कितीही पक्कं असलं तरी, या कामाला नको.

आता चिठ्ठी. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यांनी जमवलेल्या प्राचीन मणी, नाणी, मातीच्या मूर्तींच्या संग्रहातून ते उभं राहिलं. उत्खनन करणारे लोक एवढ्याशा मण्याचीही सापडल्याची जागा लिहून ठेवतात, कारण ती हरवली की मण्याची निम्मी माहिती गेली. काढून ठेवलेल्या कंडेन्सरचं तेच होतं. म्हणून चिठ्ठीवर यंत्राचं नाव, माप, काढल्याची तारीख आणि ‘चालू’ की ‘बंद’ एवढं लिहा. बंद पडलेला भाग दुकानदाराला दाखवायला नमुना म्हणून एकच ठेवायचा, तोही नवा मिळेपर्यंत. आटे गेलेले बोल्ट, कडक झालेलं रबर, खरखरणारी बेअरिंगं यांना कितीही वर्षं सांभाळलं तरी त्यांचा उपयोग होणार नाही. ती भंगारात द्या.

पुढच्या आठवड्यात स्टार्टर उघडू आणि काँटॅक्ट घासावेत की बदलावेत ते पाहू. तोवर निदान मोटारीचा डबा तेवढा लावून ठेवा.