पायातलं सोनं, तटातली माती

सप्टेंबर 1933. इराणात शिराझजवळच्या पर्सेपोलिसमध्ये उत्खननाचे प्रमुख अर्न्स्ट हर्ट्सफेल्ड जागेवर नव्हते आणि त्यांचे सहकारी फ्रिडरिश क्रेफ्टर यांना एका विचारानं पछाडलं होतं. क्रेफ्टर पेशानं वास्तुरचनाकार. समोर प्राचीन पर्शियाचा सम्राट पहिला दरायस याचा अपादान, म्हणजे दरबाराचा महाल: मूळचे 72 खांब, सुमारे 20 मीटर उंच. खांबाच्या माथ्यावर पाठीला पाठ लावलेले दोन बैल, आणि त्यांच्या मानांमधल्या खोबणीत छपराची तुळई.

असला महाल बांधणारा राजा पायाभरणीला काहीतरी पुरणारच, हा क्रेफ्टर यांचा हिशेब. आणि पुरणार तर दालनाच्या कोपऱ्यांतच, जाडजूड भिंतींच्या खाली!

पश्चिमेच्या कोपऱ्यांनी निराशा केली. पूर्वेच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र दगडी पेटी निघाली, झाकणासकट. आत एक सोन्याचा पत्रा, एक चांदीचा. दोन्ही 33 सेंटीमीटर चौरस. जुनी पर्शियन, एलामी आणि बॅबिलोनी अशा तीन भाषांत दरायस आपल्या राज्याच्या सीमा सांगतो: सोग्दियापलीकडच्या शकांपासून आफ्रिकेतल्या कुशपर्यंत, हिंदूशपासून सार्डिसपर्यंत. हिंदूश म्हणजे आपला सिंधूकाठ.

मला त्या पत्र्यांपेक्षा पेटीखालची नाणी जास्त बोलकी वाटतात. त्यांत लिडियाचा राजा क्रीसस याच्या घडणीची सोन्याची नाणी होती, ग्रीक शहरांची चांदीची होती. धनुर्धारी राजाचं चित्र असलेलं दरायसचं स्वतःचं नाणं मात्र एकही नाही. म्हणजे पाया घातला तेव्हा ते बहुधा पाडलंच जात नव्हतं. जे नाही त्यावरून काळ ठरवायचा, हा पुरातत्त्वातला खास आनंद.

सोन्याची बातमी गाजणारच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, राडारोडा वाहण्यासाठी वाट करताना, तटबंदीच्या खोल्यांत मातीच्या मुद्रांकित पाट्यांचा ढीग लागला होता. हजारो पाट्या, बहुतेक एलामी भाषेतल्या. 1936 मध्ये त्या अभ्यासासाठी शिकागोला गेल्या. रिचर्ड हॅलॉक यांनी दोन हजारांवर पाट्या वाचून 1969 मध्ये छापल्या. निघाला काय, तर कोठाराचा हिशेब! कुणाला किती धान्य, किती मद्य. हिंदूशहून राजधानी सुसाकडे निघालेल्या वाटसरूंचा शिधासुद्धा त्यात मांडलेला. बाळंतिणींना जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.

पत्र्यांवर राजा एकटाच आहे. महालाच्या या मुलखात खपणारी माणसं भेटतात ती पाट्यांवर, आणि मुलीच्या आईला निम्मा शिधा लिहिणारा कारकूनही तिथंच सापडतो.