थंड कॉफी आणि ऐंशीचा आकडा

दोन सारखे मोठे पेले घ्या. पहिल्यात बर्फाचे चार खडे टाका, दुसऱ्यात दहा. दोन्हींत साठ-साठ ग्रॅम गरम, काळी, कडक कॉफी ओता, ढवळा आणि ती पुरती गार झाल्याबरोबर गाळून घ्या. कोणत्या पेल्यातली कॉफी जास्त पाणचट झालेली असेल?

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पहा. बहुतेक हात दुसऱ्या पेल्यासाठी वर होतील. जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी, यात विचार करण्यासारखे काय आहे? शिक्षकांच्या खोलीत विचारलात तरी फारसा वेगळा अनुभव येणार नाही. उत्तर जरा बाजूला ठेवू आणि आधी ही कॉफी घरी कशी करायची ते पाहू.

आमचे कसबा बावडा हे तसे चहाचे गाव. पण कॉफी इथे अगदीच परकी नाही. बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले होते. शिवाय देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकवणारे कर्नाटक आमच्या उंबऱ्यावरच आहे. आता तर कोल्हापुरातही काचेच्या दारांची कॉफीची दुकाने झाली आहेत आणि सुट्टीत घरी आलेली कॉलेजची मुले तिथल्या बर्फ घातलेल्या ‘एस्प्रेसो’चे कौतुक सांगत असतात. तशी कॉफी घरी करू गेले की बहुधा तपकिरी रंगाचे गोडसर पाणी हाती येते. याचे कारण पावडरीच्या ब्रँडमध्ये नाही, उष्णतेच्या हिशेबात आहे.

एस्प्रेसो म्हणजे दाब देऊन काढलेली कॉफी. मिलान शहरातल्या लुईजी बेझेरा याने १९०१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यात वाफेचा दाब वापरलेला होता आणि तो फार नव्हता. पुढे त्याच शहरातल्या आकिले गाज्जा याने १९४८ च्या सुमारास दांड्याचे यंत्र बाजारात आणले. त्यात स्प्रिंगच्या जोरावर पाणी पावडरीतून ढकलले जाई. तेव्हापासून दाब आठ-नऊ वातावरणांपर्यंत गेला. नव्वद ते शहाण्णव अंश सेल्सिअसचे पाणी या दाबाने बारीक पावडरीतून पंचवीस-तीस सेकंदांत पार होते. भाजलेल्या बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आणि तेलाचे सूक्ष्म थेंब यांच्यामुळे वर सोनेरी साय धरते. एका घोटाच्या कॉफीसाठी सात-आठ ग्रॅम पावडर आणि हाती येतो जेमतेम तीस मिलिलिटर अर्क.

लग्नाच्या मांडवात चकचकीत टाकीतून फुस्स आवाज करत येणारी आपली ‘एस्प्रेसो’ वेगळी. तिथे वाफ कॉफीतून जात नाही, दुधात जाते. झटपट कॉफीची पावडर घातलेले दूध वाफेने तापते आणि फेसाळते, इतकेच. चवीला ती वाईट नसते, पण नाव उसने आहे.

मग घरी आठ-नऊ वातावरणांचा दाब कुठून आणायचा? आणायचा नाही. प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो, म्हणजे एकूण दोन वातावरणे. एस्प्रेसोला तो पुरत नाही, पण माणसाला भाजायला पुरून उरतो. शिट्टी काढून त्या जागी नळी बसवायची आणि तिचे टोक दुधात बुडवायचे, असा उद्योग काही घरांत चालतो. आच कमी होताच कुकरमधला दाब उतरतो आणि दूध नळीत ओढले जाते. ते आत वाळून बसले की पुढच्या खेपेला वाफेची वाट अडते. मुलांना हे स्पष्ट सांगावे.

आपल्याला दाब नको, कडकपणा हवा आणि त्यासाठी दक्षिणेकडचे दोन मजली स्टीलचे फिल्टर उत्तम. वरच्या भांड्यात वीस ग्रॅम पावडर हलकी दाबून बसवा आणि शंभर मिलिलिटर पाणी उकळून ओता. (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे पाणी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. कॉफीचे त्यात काही बिघडत नाही.) पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साठेक मिलिलिटर डिकॉक्शन मिळते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते वाचा. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आहे. तिने रंग आणि कडवटपणा वाढतो, कॅफीन मात्र तिच्यात नसते. काळा रंग पाहून कॉफी कडक समजू नये.

आता हिशेब. दहावीच्या पुस्तकात वितळणाचा अप्रकट उष्मा येतो. आपल्या पिढीने त्याला सुप्त उष्णता म्हटले. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. मुले हा आकडा पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत ठेवून येतात. तो पेल्यात कसा दिसतो ते पहा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने निवताना एक कॅलरी देते, म्हणजे ८० अंशांचे एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत येताना ८० कॅलरी देते. याचा अर्थ ८० अंशांची कॉफी शून्यावर आणायची तर जितकी कॉफी तितकाच बर्फ वितळला पाहिजे. साठ ग्रॅम डिकॉक्शनमध्ये साठ ग्रॅम पाणी! मोठ्या कष्टाने काढलेला कडक अर्क एका मिनिटात निम्म्यावर येतो. बर्फाच्या गारव्याचा मोठा भाग त्याच्या वितळण्यातून येतो. न वितळता गार करणारा बर्फ ही अशक्य मागणी आहे. (ही कॅलरी पदार्थविज्ञानातली आहे. आहाराच्या तक्त्यात ‘कॅलरी’ म्हणून छापतात ती हिच्या हजारपट.)

शीतकपाटातला बर्फ मात्र शून्य अंशाचा नसतो. त्याचे तापमान उणे १८ अंश धरू. एकदारी फ्रिजमध्ये तो इतका थंड नसेलही. असा एक ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत तापायलाच ९ कॅलरी घेतो, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे निम्मी आहे. वितळणे त्यानंतर. सुरुवातीच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

एक खडा पंधरा ग्रॅमचा धरा. चार खडे म्हणजे साठ ग्रॅम. ते शून्यावर येताना ५४० कॅलरी घेतात. कॉफीने द्यायच्या ४८०० पैकी ४२६० उरल्या, त्यांना ८० ने भागले की ५३ ग्रॅम बर्फ वितळतो. दहा खडे म्हणजे दीडशे ग्रॅम. ते शून्यावर येतानाच १३५० कॅलरी गिळतात. उरल्या ३४५०, म्हणजे वितळलेला बर्फ ४३ ग्रॅम. जास्त बर्फाच्या पेल्यात पाणी कमी! काटकसर म्हणून दोनच खडे टाकले तर? ते पुरते वितळतात, कॉफीत तीस ग्रॅम पाणी शिरते आणि तापमान चोवीस अंशांच्या आसपास अडते. पाणी शिरले ते शिरलेच आणि गारवाही आला नाही.

या हिशेबात पेल्याची आणि हवेची उष्णता धरलेली नाही, तेव्हा प्रत्यक्षात आकडे थोडे सरकतील. वर्गात करताना कॉफीची गरज नाही, साधे गरम पाणी चालते. तापमापी, मापनपात्र आणि गाळणी एवढ्यावर भागते. आधी आणि नंतर द्रवाचे आकारमान मोजले की फरक हाती येतो. बर्फ मात्र शीतकपाटातून काढल्याबरोबर वापरा. वाटीत पाणी सुटलेला बर्फ शून्यावर आलेला असतो आणि प्रयोगातली गंमत निघून जाते. बाजारातल्या लादीच्या बर्फाचेही तेच. तो ओला असतो, अंगचे पाणी घेऊनच पेल्यात उतरतो.

तरीही त्रेचाळीस ग्रॅम पाणी जास्तच आहे. खरा उपाय बर्फाच्या आधी करायचा. डिकॉक्शन ३० अंशांपर्यंत निवू दिले तर त्याच्याकडे द्यायला फक्त १८०० कॅलरी उरतात. मग चार खड्यांत १६ ग्रॅम पाणी सुटते, दहा खड्यांत सहा ग्रॅमसुद्धा नाही.

निववायचे कसे? आपल्या घरातल्या बशीने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. बशीत ओतले की पृष्ठभाग वाढतो आणि बाष्पीभवन जोरात होते. गरम पाण्याचा एक ग्रॅम वाफ होऊन जाताना साडेपाचशेच्या आसपास कॅलरी घेऊन जातो. साठ ग्रॅममधले नुसते तीन ग्रॅम उडाले तरी उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस अंशांनी उतरते. दक्षिणेत पेल्यातून वाटीत उंचावरून कॉफी ओततात, त्यामागेही हेच आहे. पण कॉफीचा वासही त्या वाफेबरोबर जातो, आणि थंड पेयात वास आधीच कमी जाणवतो. म्हणून इथे मी बशीच्या बाजूने नाही. पातळ स्टीलच्या वाटीत डिकॉक्शन घाला, वर झाकणी ठेवा आणि ती वाटी माठाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. काही मिनिटांत काम होते आणि वास बराचसा राहतो.

दुधाची कॉफी करताना फरक आणखी ठळक होतो. फ्रिजमधले पाच अंशांचे दीडशे ग्रॅम दूध, चार खडे बर्फ आणि साठ ग्रॅम डिकॉक्शन घ्या. डिकॉक्शन ८० अंशांचे असेल तर चारही खडे संपतात. ३० अंशांचे असेल तर पंचवीस ग्रॅम वितळतात आणि बाकीचा बर्फ तरंगत राहतो. पाणी अजिबात नको असेल तर उरलेल्या डिकॉक्शनचेच खडे करून ठेवावेत. ते वितळतात तेव्हा कॉफीच सुटते.

साखरेबद्दल एक गैरसमज रूढ आहे. थंड पाण्यात साखर मावत नाही, असे आपण म्हणतो. खरे तर शून्य अंशाच्या शंभर ग्रॅम पाण्यातही पावणेदोनशे ग्रॅमच्या वर साखर विरघळू शकते. मावण्याचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. थंडाव्यात रेणूंची हालचाल मंदावते आणि दाणे तळाशी बसून राहतात. साखर गरम डिकॉक्शनमध्येच विरघळवली की काम झाले. त्यात थंड जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे दुकानातल्या पेल्यात किती साखर आहे याचा अंदाज येत नाही. आमच्या बावड्यात राजाराम साखर कारखाना आहे, पण म्हणून साखर सढळ हाताने घालावी असे नव्हे.

बर्फ कुठला वापरायचा हा प्रश्न चवीपेक्षा मोठा आहे. गोठवल्याने जंतू मरतात अशी समजूत फार पक्की आहे. ती चूक आहे. अनेक जीवाणू आणि काविळीचे विषाणू बर्फात टिकून राहतात. बावड्याजवळून वाहणारी पंचगंगा पुढे इचलकरंजीकडे जाते. त्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. ज्या पाण्याचा बर्फ, त्या पाण्याचेच त्यातले जंतू. आणि वर गरम कॉफी ओतली तरी ते मरत नाहीत. कॉफी मिनिटभरात शून्याजवळ येते हे आपण आताच पाहिले, तेवढ्यात पाणी उकळल्याचा परिणाम कुठून साधणार? मासे किंवा इतर माल टिकवण्यासाठी केलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्यात निळा रंग घालण्याचा नियम झाला. गाडीवरच्या गोळ्याचा किंवा सरबताचा बर्फ पांढरा आहे एवढ्यावर मात्र तो पिण्याच्या पाण्याचा ठरत नाही. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचे खडे करावेत.

राहता राहिला वरचा फेस. घट्ट झाकणाच्या बरणीत एक तृतीयांश थंड दूध घेऊन अर्धा मिनिट जोराने हलवले तर हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि दुधातली प्रथिने त्यांच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. इथे कमी स्निग्धांशाचे पिशवीतले दूध आमच्या म्हशीच्या दुधापेक्षा सरस ठरते, हे कोल्हापूरकराला मान्य करायला जड जाईल. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून मिळणारे दूध पिण्यासाठी ठीकच, पण त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो आणि तो फेसाचे पापुद्रे फोडतो. दोन बरण्यांत दोन प्रकारचे दूध घेऊन दोघा मुलांना एकाच वेळी हलवायला सांगा आणि फेस किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजा. म्हशीच्या दुधाची बरणी फ्रिजबाहेर जरा वेळ राहिली आणि तो मुलगा हौसेने हलवतच राहिला, तर झाकणाच्या आत लोण्याचे कण चिकटलेले दिसतील.