फोन बैरूत का दाखवत होता?

एप्रिल 2024 मध्ये मध्य इस्राएलात अनेकांचे फोन आपण बैरूतच्या विमानतळावर आहोत असं सांगत होते. टॅक्सीवाले वैतागले, पण खरी काळजी सायरनची होती. पिकूद हाओरेफचं ॲप आपली जागा बघून इशारा देतं. म्हणून लष्कराने लोकांना त्यात आपलं गाव हाताने निवडायला सांगितलं. (कुणी अजून निवडलं नसेल तर आजच करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.)

फोन बिघडले नव्हते. जीपीएसचे सॅटेलाइट सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. तिथला सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की फोनच्या स्वतःच्या खरखरीखाली दबतो. त्याची ठरलेली खूण फोनला ठाऊक असते, म्हणूनच तो सापडतो. जमिनीवरून कुणी जोरात गोंगाट केला की तो बुडालाच, हे जॅमिंग. स्पूफिंग त्याहून लबाड. जीपीएससारखाच खोटा सिग्नल जरा मोठ्याने पाठवायचा, फोन त्यावरच विश्वास ठेवतो. बैरूत आलं ते असं. हल्ले निष्फळ करण्यासाठी जीपीएसमध्ये अडथळा आणल्याचं लष्कराने स्वतःच सांगितलं होतं.

मग जवळचे सॅटेलाइट वापरले तर? इरिडियमचे सॅटेलाइट सुमारे 780 किलोमीटरवर फिरतात. अंतर 26 पटीने कमी, आणि सिग्नलची ताकद अंतराच्या वर्गाने बदलते. बाकी सगळं सारखं धरलं तर ती सहाशे पटींहून जास्त होते. असा सिग्नल बुडवायला जॅमरही तेवढाच दांडगा हवा, नाहीतर अगदी जवळ आणायला हवा. इरिडियमवरून वेळ आणि जागा कळवणारी सेवा आजही चालते, ती घराच्या आतसुद्धा पोचते.

पण जवळ राहण्याची किंमत आहे. हे सॅटेलाइट सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतात. एकेक आठ-दहा मिनिटांत आभाळ ओलांडून जातो, मग दुसऱ्याने सूत्र हाती घ्यायचं. म्हणून इरिडियमला 66 लागतात. शिवाय वेगामुळे फ्रीक्वेन्सी सतत सरकते, जवळून जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा आवाज बदलतो तशी, आणि रिसीव्हरला तिच्यामागे पळावं लागतं.

स्टारलिंक आणखी खाली, सुमारे 550 किलोमीटरवर. त्याची डिश 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी पकडते. त्यांना जोरदार पाऊस अडवतो, आणि झाड किंवा शेजारची इमारत तर हमखास. बाल्कनीतून अर्धंच आभाळ दिसत असेल तर सॅटेलाइट आडोशामागे गेला की कॉल तुटणार. डिश गच्चीवरच हवी. आणि गंमत बघा, आपण कुठे आहोत हे ओळखायला ही डिशसुद्धा एरवी जीपीएसच विचारते.